आयदा छावणीतली गच्चीवरची खोली: नऊ रात्री आणि पाच टाक्या

वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या बेथलेहेमच्या आयदा निर्वासित छावणीत एका कुटुंबाने पाहुण्यांसाठी गच्चीवर एक खोली बांधली आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये मी तिथं नऊ रात्री राहिले. तेव्हा बुकिंगच्या पानावर या खोलीबद्दल दोनच शेरे होते: ‘माणसं प्रेमळ’ आणि ‘बाथरूममध्ये पाणी कमी’. दोन्ही खरे आहेत. पण पाणी कमी का, हे कुणी लिहिलं नव्हतं आणि ते समजल्याशिवाय या खोलीला चांगली किंवा वाईट म्हणणं मला पटत नाही. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं काढली, त्यामुळे माझं लक्ष पहिल्या दिवसापासून नळाकडेच होतं. अभिप्राय लांबणार आहे, हे आधीच सांगते. घरच्या माणसांची नावं लिहिणार नाही, त्यांनीच तशी विनंती केली आहे.

आधी पोहोचायचं कसं ते सांगते. जेरुसलेमला दमास्कस दरवाजाजवळून अरब बसगाड्या सुटतात. २३४ नंबरची बस ‘चेकपॉइंट ३००’पाशी सोडते, तिथून तपासणी नाका पायी ओलांडावा लागतो. २३१ नंबरची बस बैत जालाच्या बाजूने बाब अझ-झुकाकच्या चौकात येते. सामान असेल तर हीच घ्या. चौकातून टॅक्सीवाल्याला ‘मुखय्यम आयदा’ एवढंच सांगायचं. मुखय्यम म्हणजे छावणी, आणि त्या शब्दात ‘खैमा’ म्हणजे तंबू आहे. इथले तंबू जाऊन साठ वर्षं होऊन गेली, शब्द मात्र तोच राहिला. छावणीच्या तोंडाशी किल्लीच्या भोकाच्या आकाराची कमान आहे आणि तिच्यावर आडवी ठेवलेली प्रचंड लोखंडी किल्ली. २००८ साली ती बसवली. १९४८मध्ये, इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात, ज्या घरांना कुलूप लावून लोक निघाले, त्या घरांची ही किल्ली.

छावणी १९५० साली वसली. क्षेत्रफळ ०.०७१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम साडेसतरा एकर. त्यात पाच हजारांवर माणसं राहतात. जेरुसलेम आणि हेब्रोनच्या पश्चिमेकडच्या अनेक गावांतून आलेली ही कुटुंबं. ज्या घरात मी राहिले, त्या घरच्या आजींचे आईवडील बैत नत्तीफचे. जागा सत्तर वर्षांत वाढली नाही, माणसं वाढली, म्हणून घरं वर चढत गेली. आधी तंबू, मग तीन मीटर बाय तीन मीटरची एक खोली आणि बाहेर सामायिक संडास, मग त्याच खोलीच्या जागी काँक्रीटचा मजला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आजी याच जागेवर वाढल्या. एका मजल्याच्या बेताने घातलेल्या पायावर तीन मजले उभे आहेत, हे त्यांनी मला जमिनीकडे बोट दाखवून सांगितलं.

माझी खोली सगळ्यात वरची. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं की ती त्याची होणार, तोवर पाहुण्यांची. एक पलंग, एक टेबल, भिंतीत कपाट, दोन बाजूंना खिडक्या. चादरी उन्हात वाळवलेल्या, त्यांना उन्हाचाच वास. तेव्हा एका रात्रीचे ऐंशी शेकेल होते, त्यात सकाळचा नाश्ता. रात्रीचं जेवण हवं असेल तर आणखी तीस. खोलीबाहेर गच्ची, आणि गच्चीच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की समोर इस्रायलने बांधलेली भिंत. आठ मीटर उंच, करड्या काँक्रीटची, मध्ये टेहळणीचा मनोरा. पलीकडे जैतुनाची झाडं दिसतात. भिंत येण्याआधी मुलं त्या झाडांत खेळायला जायची, असं सून म्हणाली. आता तिच्या मुलांना ती झाडं फक्त गच्चीवरून माहीत आहेत. त्याच्याही पलीकडे, टेकडीवर गिलोची इस्रायली वसाहत.

पाहुण्याला घरातली सगळ्यात उजेडाची आणि वाऱ्याची खोली मिळते, हे मला तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. तळमजल्यावर आजी झोपतात. बोळ इतका अरुंद आहे की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं लागतं, त्यामुळे खाली ऊन पोहोचतच नाही. आजींच्या पलंगामागच्या भिंतीला ओल होती, कोपऱ्यात काळी बुरशी. मी खोली बदलायचं विचारलं तर आजींनी माझ्या गालाला हात लावला आणि काहीतरी म्हणाल्या. सुनेने अर्थ सांगितला: “पाहुणा वरच राहतो.” पुढे तो विषय मी काढला नाही.

आता पाण्याचं.

पोहोचल्या दिवशी चहा झाल्यावर सून मला बाथरूम दाखवायला घेऊन गेली. शॉवर होता, पण त्याखाली एक लाल बादली आणि मग ठेवलेला होता. ती जरा अवघडून म्हणाली, “शेवटचं पाणी येऊन अकरा दिवस झालेत. पुढचं कधी येईल ते सांगता येत नाही.” बादली-मग पाहून मला तर हायसंच वाटलं, आयुष्यभर तशीच आंघोळ केली आहे. पण मागाहून मी गच्चीवर टाक्या मोजल्या. काळ्या प्लास्टिकच्या, प्रत्येकी हजार लिटरच्या, पाच. घरात आजी, मुलगा-सून, त्यांची चार मुलं आणि धाकटा मुलगा, अशी आठ माणसं. नववी मी. उन्हाळ्यात पाणी दोन-दोन, तीन-तीन आठवड्यांनी येतं. वीस दिवसांचा हिशेब धरला तर माणशी रोज अठ्ठावीस लिटरसुद्धा पडत नाही. त्यातच आंघोळ, भांडी, कपडे, संडास, स्वयंपाक आणि पिणं. बेत्सेलेम या इस्रायली मानवी हक्क संस्थेने २०२३ साली मांडलेल्या आकड्यांनुसार वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी माणसाला घरगुती वापरासाठी रोज सरासरी ८२ लिटर पाणी मिळतं आणि इस्रायलमध्ये २४७ लिटर. सरासरीत शहरातली मोठी घरंही येतात. छावणीतली गच्ची त्या सरासरीच्या बरीच खाली आहे.

गच्चीवरून एक गोष्ट दिसते आणि ती एकदा पाहिली की विसरत नाही. बेथलेहेम, बैत जाला, छावणी, जिकडे पाहाल तिकडे छपरांवर काळ्या टाक्यांची रांग. समोरच्या वसाहतीच्या छपरांवर अशा टाक्या नाहीत. ज्याच्या नळाला रोज पाणी येतं, त्याला साठवायची गरज पडत नाही.

दुष्काळ म्हणावा तर तसंही नाही. जेरुसलेम-बेथलेहेमच्या या डोंगरांवर वर्षाला पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो चुनखडीत मुरून खाली मोठा साठा होतो. शहराच्या दक्षिणेला अर्तास गावाजवळ शलमोनाचे म्हणून ओळखले जाणारे तीन विस्तीर्ण दगडी तलाव आहेत. मी एका सकाळी मुद्दाम बघायला गेले. दोन हजार वर्षांपूर्वी तिथलं पाणी पाटाने, निव्वळ उतारावरून, बेथलेहेमच्या कडेने जेरुसलेमपर्यंत जात होतं. एवढ्या लांबीला इतका हलका उतार कसा राखला असेल, याचा विचार करत मी काठावर तासभर बसले होते. आज अडतं ते वाटपात. १९९५च्या दुसऱ्या ओस्लो करारात इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यात या भूजलाची वाटणी ठरली. ती पाच वर्षांसाठी होती, पण पुढे तशीच चालू राहिली. नवी विहीर घ्यायची तर संयुक्त जलसमितीची मान्यता लागते, आणि उरलेली तूट मेकोरोत या इस्रायली कंपनीकडून विकत घेतलेल्या पाण्याने भरावी लागते. बेथलेहेमची पाणी संस्था मिळेल ते पाणी भागाभागाने पाळीपाळीने सोडते. पाळी छावणीपर्यंत येते तेव्हा ती उंचावरच्या घरांना पुरेलच असं नाही.

आजींची एक सवय सांगते. रोज संध्याकाळी त्या गुडघे धरत, जिन्यात दोनदा थांबत गच्चीवर यायच्या आणि बोटातल्या अंगठीने प्रत्येक टाकीवर वरपासून खालपर्यंत टकटक करायच्या. रिकाम्या भागाचा आवाज पोकळ येतो, पाणी सुरू होतं तिथं तो बसका होतो. पातळी कळली की खाली जाऊन सुनेला सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी धुणं लावायचं की नाही ते ठरायचं. चौथ्या दिवशी त्यांनी माझा हात धरून अंगठीच्या जागी माझी बांगडी टेकवली. मी त्यांना ‘खालती’ म्हणत होते, म्हणजे मावशी. त्या मला ‘बिंती’ म्हणायच्या, म्हणजे लेक. साठीच्या बाईला लेक म्हणणारं माणूस फार दिवसांनी भेटलं.

पाणी माझ्या सहाव्या रात्री आलं. दोन वाजून दहा मिनिटांनी. आधी नळातून नुसती हवा, लांब श्वास सोडल्यासारखी, आणि त्या आवाजाने अख्खं घर जागं. धाकटा मुलगा अनवाणीच मोटर लावायला धावला. बोळातल्या प्रत्येक घरात दिवे लागले, सगळ्यांच्या मोटरा सुरू झाल्या, कपडे धुण्याची यंत्रं फिरायला लागली. कुणीतरी वरून ओरडून विचारलं आणि कुणीतरी खालून उत्तर दिलं. वरच्या घराला दाब मिळत नव्हता म्हणून आमची मोटर अर्धा तास बंद ठेवली. तो अर्धा तास सून हात बांधून मोटरीपाशी उभी होती आणि एक शब्द बोलली नाही.

मला काळजी होती ती पहिल्या पाण्याची. नळ तीन आठवडे कोरडा राहिला की जुन्या पाइपात बाहेरची घाण शिरते. शेजारून सांडपाण्याची नळी गेली असेल आणि दोन्ही झिजल्या असतील तर जास्तच. त्यात घराघरांतून मोटरा ओढायला लागल्या की पाइप बाहेरचं आणखी आत खेचतो. म्हणून पहिली दहा मिनिटं पाणी टाकीत घेऊ नये, सोडून द्यावं, हे मी नोकरीत असताना शेकडो वेळा सांगितलं आहे. त्या रात्री ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. सतरा दिवस वाट पाहिलेलं पाणी गटारात सोडा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तेवढ्यात आजींनीच नळाखाली निळं पिंप सरकवलं, भरल्यावर दुसरं, मग तिसरं. ते गढूळ पाणी संडासासाठी आणि जिना धुण्यासाठी. त्यानंतरच नळी टाकीत गेली. कुठल्याही प्रयोगशाळेने न सांगता त्यांनी ते कधीच शोधून काढलं होतं.

मी सोबत क्लोरोस्कोप, म्हणजे रंगावरून पाण्यातला क्लोरीन मोजायचं साधन, आणि जंतू असले की काळ्या पडणाऱ्या एचटूएसच्या सहा बाटल्या नेल्या होत्या. घरच्यांच्या परवानगीने प्रत्येक टाकी तपासली. ताज्या पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम आला, म्हणजे काठावर पास. पण काळी टाकी ऑगस्टच्या उन्हात तापते आणि क्लोरीन उडून जातो. तिसऱ्या दिवशी तपासणीची नळी पाण्यासारखी स्वच्छ, रंगच नाही. स्वयंपाकघराला जोडलेल्या टाकीची बाटली एका रात्रीत काळी पडली. झाकणाला तडा गेला होता. धाकट्या मुलाने ते पाणी पिंपांत काढलं, आत उतरून टाकी घासली, झाकण बदललं. मी बिनवासाचं ब्लीच मोजून कसं घालायचं ते थोरल्या नातीला शिकवलं. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि आकडे लिहून घेण्यात फार चोख. छावणीतल्या लाजी केंद्रातही तरुण मुलं पाण्याचे नमुने तपासतात. ‘लाजी’ म्हणजे निर्वासित, हे केंद्र २००० साली सुरू झालं. पाण्याशी संबंधित काम करणारं कुणी जात असेल तर तिथं नक्की जा.

पाहुण्यांसाठी सूचना एवढीच: दिवसाला एक बादली, आणि ती भरून वाहू देऊ नका. मी दिवसाआड आंघोळ केली, कपडे एकदाच धुतले. पिण्याचं पाणी घरचे उकळून घेतात. मला त्यांनी बाटलीबंद आणून ठेवलं होतं, मी उकळलेलंच प्यायले आणि मला काही झालं नाही. मधुमेह, मूत्रमार्गाचा त्रास वगैरे असेल तर बाटलीबंदच घ्या. मध्येच पाणी संपलं तर टँकर बोलवावा लागतो. माझ्या आधीच्या महिन्यात या घराने एका टँकरचे दोनशे शेकेल मोजले होते, आणि तो बोळात शिरत नाही म्हणून मोठ्या रस्त्यावरून लांब नळी ओढावी लागली होती. दोनशे शेकेल म्हणजे माझ्या अडीच रात्रींचं भाडं.

जेवणाबद्दल हात आखडता घेणार नाही, पाचपैकी पाच. सकाळी तव्यावरून उतरलेली रोटी, जैतुनाचं तेल, झातर म्हणजे रानओव्यासारख्या पाल्याची तिळाची पूड, टोमॅटो, पांढरं चीज, आणि मरमिय्याची, म्हणजे सेजची, पानं घातलेला चहा. शुक्रवारी मकलुबा. वांगी, फ्लॉवर, कोंबडी आणि भात एकाच पातेल्यात थर लावून शिजवतात आणि पातेलं परातीवर उपडं करतात. उपडं केल्यावर सगळी मुलं पातेल्याच्या बुडावर हातांनी ताल धरतात, मग सावकाश उचलायचं. शाकाहारी असाल तर आधी सांगा, माझ्यासाठी एका दिवशी कोंबडीशिवायचा केला होता आणि तोही तितकाच चांगला. जेवणानंतर भांडी घासायला मी गेले तेव्हा पाहिलं: एका तसराळ्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात विसळायचं, आणि ते विसळलेलं पाणी गच्चीवरच्या पुदिन्याच्या डब्यांना.

वीज नऊ दिवसांत एकदाच गेली, इंटरनेट बरं चालतं. त्याबद्दल तक्रार नाही.

छावणीतल्या सेवांबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, माझाही होता. मला वाटायचं, संयुक्त राष्ट्रांची एजन्सी छावणी चालवते. तसं नाही. यूएनआरडब्ल्यूए, जिला इथं सगळे ‘विकाला’ म्हणतात, १९४९च्या डिसेंबरमधल्या ठरावाने स्थापन झाली आणि १ मे १९५० रोजी कामाला लागली. ती शाळा चालवते, प्राथमिक दवाखाने चालवते, कचरा उचलते, गरजू कुटुंबांना मदत देते. छावणीची सत्ता तिच्याकडे नाही, पोलीसही तिचे नाहीत. गल्लीतल्या भांडणापासून फुटलेल्या पाइपपर्यंतचे प्रश्न लोकांच्या लजनेकडे, म्हणजे समितीकडे जातात. नळ बेथलेहेमच्या संस्थेचा, त्या नळातलं बरंचसं पाणी मेकोरोतचं, पाइप छावणीतला, आणि रात्री रस्त्यावर सैन्य इस्रायलचं. एखादी गोष्ट बिघडली की दार कुणाचं ठोठवायचं, हे सुनेला विचारलं तेव्हा तिने चार बोटं उघडून दाखवली आणि मूठ मिटली.

विकालाचे सफाई कामगार सकाळी लवकर बोळ झाडून जातात. तेवढ्या अरुंद जागेत गाडी जात नाही, त्यामुळे हे काम माणसाच्या हातांवरच चालतं आणि ते नीट होत होतं. आजींची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं विकालाच्या दवाखान्यातून फुकट मिळतात. मी एकदा सोबत गेले. नर्सने पायांची बोटं एकेक करून तपासली, जखम आहे का बघितलं, आणि आजींनी घरी परतताना मला अभिमानाने सांगितलं की आपली साखर उतरली आहे. २०१८ साली अमेरिकेने, जी तोवर सगळ्यात मोठी देणगीदार होती, विकालाचा निधी पूर्ण थांबवला होता. त्याची धास्ती माझ्या मुक्कामात रोज कुणाच्या ना कुणाच्या बोलण्यात यायची: शाळा सप्टेंबरमध्ये उघडतील ना, औषधं मिळतील ना. २०१८मध्येच भारताने आपली मदत चौपट करून वर्षाला पन्नास लाख डॉलर केली. हे मी घरी सांगितल्यावर मुलाने उठून माझ्याशी हात मिळवला, जणू मीच पैसे दिले होते.

रात्रीबद्दल लिहायला हवं, कारण लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांना ते आधी माहीत असलं पाहिजे. आठव्या रात्री तीनच्या सुमाराला बोळात बुटांचे आवाज आले. सून जिना चढून माझ्या दाराशी आली आणि हळू म्हणाली, “दिवा लावू नका, खिडकीपाशी जाऊ नका.” काही वेळाने दोन स्फोटांसारखे आवाज झाले आणि अश्रुधूर आला. खिडक्या बंद होत्या तरी तो आला. घसा, डोळे, नाक, सगळं एकदम पेटतं. घरात प्रत्येक मजल्यावर कापलेला कांदा ठेवायची पद्धत आहे, तो हुंगायचा. डोळे चोळायचे नाहीत. सगळ्यात धाकटा नातू चार वर्षांचा होता. तो रडला नाही, आईच्या कुशीत तोंड खुपसून शांत थांबून राहिला, आणि मला त्याच्या त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटली. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मानवी हक्क केंद्राने आयदा आणि धैशा या दोन छावण्यांत पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१८च्या जानेवारीत आला. ज्यांना विचारलं त्यांतल्या प्रत्येकाने गेल्या वर्षभरात अश्रुधूर सोसला होता. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये याच छावणीत, विकालाच्या कार्यालयाजवळ, तेरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा सैनिकाच्या गोळीने मेला. दमा असलेल्यांनी इथं रात्रीचा मुक्काम करू नये, असं मी स्पष्ट सांगेन. दिवसा या, जेवून जा.

मला खरा राग आला तो एका सहल कंपनीच्या बसचा. रोज अकराच्या सुमाराला ती किल्लीच्या कमानीपाशी थांबायची. वीस मिनिटं. माणसं उतरायची, भिंतीचे फोटो, किल्लीचे फोटो, बोळाच्या तोंडाशी उभ्या मुलांचे फोटो, न विचारता. एका दिवशी एका बाईने आमच्या नातीला भिंतीपाशी ‘उदास’ उभं राहायला सांगितलं. ती पोरगी नुकतीच गणितात पहिली आली होती आणि ते सांगायला दुकानदाराकडे निघाली होती. कोपऱ्यावर फलाफल मिळतो, पलीकडे बायकांनी केलेलं भरतकाम मिळतं. त्या बसमधून उतरलेल्या कुणाला मी काही विकत घेताना पाहिलं नाही. तुम्ही एक दिवसच येणार असाल तर असल्या बसने येऊ नका. २३१ने या, कुणाच्या तरी घरी जेवा आणि जेवणाचे पैसे द्या.

आता सध्याचं. ऑक्टोबर २०२३नंतर थोरल्या मुलाचा इस्रायलमध्ये काम करण्याचा परवाना बंद झाला, जसा वेस्ट बँकेतल्या लाखाहून जास्त कामगारांचा झाला. पर्यटक येत नाहीत, खोली रिकामी असते. २०२५च्या जानेवारीत उत्तरेकडच्या जेनिन आणि तुलकर्म छावण्यांत, आणि फेब्रुवारीत नूर शम्समध्ये सैन्य शिरलं आणि हजारो कुटुंबं घराबाहेर पडली. जानेवारीच्याच अखेरीला विकालावर निर्बंध घालणारे इस्रायली कायदे लागू झाले. आयदात सून मला लिहिते की उत्तरेच्या बातम्या रोज ऐकते आणि कागदपत्रांची पिशवी दाराशी ठेवून झोपते. जायचा विचार असेल तर आधी त्यांना विचारा, ते खरं सांगतात. ‘येऊ नका’ असंही सांगतात.

निघताना क्लोरोस्कोप मी नातीला देऊन आले, आणि एक वही. पाणी कधी आलं, किती दिवसांनी आलं, रंग किती, एवढं लिहायचं. तपासणीचं रसायन पहिल्याच वर्षात संपलं, वही चालू राहिली. ती आता कॉलेजात आहे. पाणी आलं की अजूनही वहीच्या पानाचा फोटो पाठवते. तारीख, वेळ, मधल्या दिवसांचा आकडा. गेल्या उन्हाळ्यातल्या एका पानावर २६ दिवस लिहिलं होतं, आणि शेजारी आजींचा निरोप: टाक्या भरल्या, चादरी धुऊन ठेवल्या आहेत.